नाव घेऊन केलेली प्रार्थना

हॉलिस लँडिंग, मिसिसिपी
११ मार्च २०१८

प्रिय मावशी,

फोन का करत नाहीस म्हणून पुन्हा विचारू नकोस. कानातल्या यंत्रामुळे तू तिकडे डेट्रॉइटमध्ये ओरडतेस, मग मीही इकडे ओरडते, आणि भिंतीपलीकडे आई बसलेली असते. आपली पत्रंच बरी. पोस्टातल्या माझ्या पेटीची किल्ली माझ्या एकटीकडे असते.

आधी बातमी. क्लिनिकमधून रिपोर्ट आला. माझ्या रक्तात विषाणू आता इतका कमी आहे की तपासणीत सापडतच नाही! एचआयव्ही गेलेला नाही, जाणारही नाही. पण रोजची एक गोळी चुकवली नाही तर म्हातारी होईपर्यंत जगेन. नर्स म्हणाली, "आता एखादा चांगला पुरुष भेटला तर त्यालाही तुझ्याकडून हे होणार नाही." मी म्हटलं, बाई, आधी तो चांगला पुरुष तरी दाखवा. मग गाडीत बसून एकटीच हसत सुटले. पाच वर्षांत अशी हसले नव्हते.

खरं श्रेय त्या मंगळवारच्या गटाचं. तुला सांगितलंच होतं, चाळीस मैलांवरच्या लायब्ररीत मागच्या खोलीत आम्ही सात जणी जमतो. सगळ्या आपल्यासारख्या काळ्या, सगळ्यांना हेच दुखणं. दारावर पाटी मात्र 'मधुमेह माहिती वर्ग'. परवा एक म्हातारबाबा खरंच साखरेचा कागद घेऊन आत आले. मिस कोरिननी त्यांना कॉफी पाजली, पाव कमी खा म्हणून सांगितलं आणि वाटेला लावलं. मिस कोरिन आमच्या म्होरक्या. शाळेची बस चालवून निवृत्त झाल्या, बावीस वर्षं ह्या आजाराबरोबर संसार करतायत आणि आवाज अजून खणखणीत. प्रत्येकीने दर आठवड्याला एक 'नाही' आणि एक 'मला हवंय' सांगायचं, हा त्यांचा नियम. पहिले दोन महिने माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. ह्या वेळी सांगितलं. शाळेच्या स्वयंपाकघरात मुकादमाला म्हटलं, शनिवारी येणार नाही. आणि डॉक्टरला म्हटलं, माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघून बोला. बायकांनी टाळ्या वाजवल्या गं.

एक नवीन आलीय, कियांड्रा. आपल्याच गावातली, केस करायचं दुकान आहे तिचं. मला बघून ती दारातूनच परत फिरायला निघाली, तिला बघून मीही पर्स उचलली.

२४ तारखेला आपल्या चर्चचे कारभारी डीकन हॉब्सन यांचा अंत्यविधी आहे. नंतरच्या चर्चमधल्या जेवणाला माझेच दोन कॅरमल केक हवेत, असा मदर पेटवेंचा निरोप आलाय. चर्चच्या सगळ्या वडीलधाऱ्या बायकांत त्या थोरल्या, त्यांनी मागितलं म्हणजे मान आहे.

घरात हे दुखणं एकट्या तुला माहीत आहे. आईलाही नाही. तसंच राहू दे.

तुझी,
ट्रीस


डेट्रॉइट
१९ मार्च २०१८

ट्रीस बाळा,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या नाचले. नंतर गुडघ्यांनी जाब विचारला, तो भाग वेगळा. एकाहत्तरावं लागलंय, नाचायला अशी कारणं कितीशी मिळतात?

तुमच्या त्या कोरिनबाई मला आवडल्या. आमच्या वेळी बायकांकडे 'हो' सोडून दुसरा शब्दच नव्हता. मोटारींच्या सीटा शिवण्यात माझी तीस वर्षं गेली, मुकादमाला एकदा 'नाही' म्हणाले तर तो मला डॉक्टरकडे घेऊन निघाला.

औषध घेत जा. पण नुसत्या औषधावर विसंबून राहू नकोस. विषाणू सापडत नाही इथपर्यंत आलंय, तर पुरता नाहीसा व्हायला कितीसं राहिलं? एवढंसं. तेवढ्यासाठी मावशीने जे करायचं ते केलंय. काय केलं ते विचारू नकोस. तुझ्या आईला सांगितलेलं नाही, त्याची काळजी नको. गावच्या चर्चची सकाळी सहाची प्रार्थना मी इथून रोज फोनवर ऐकते हे तुला माहीतच आहे. पन्नास वर्षं झाली गाव सोडून, पण दिवस तिथूनच सुरू होतो.

कॅरमल चांगलं घोट. घाई केलीस की ते दाणेदार होतं, तुझ्या आईचं नेहमी होतं तसं. हे तिला सांगू नकोस.

तुझी,
ओडेसामावशी


हॉलिस लँडिंग
२ एप्रिल २०१८

प्रिय मावशी,

काल ईस्टर झाला. मी चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. आईने 'बरं' म्हटलं आणि टोपी घालून गेली. एरवी तिने मला अंथरुणातून ओढून काढलं असतं.

तुला अंत्यविधीचं सांगते. केक उत्तम झाले होते. कॅरमल अगदी काचेसारखं बसलं होतं, उगीच सांगत नाही. टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवले. आणि मावशी, कुणी हात लावला नाही. लोक दुकानातून आणलेला वाळका केक खात होते आणि माझ्या केकला वळसा घालून पुढे जात होते. डीकनच्या नातीने ताटली पुढे केली तर तिच्या आईने तिचं मनगट धरून मागे ओढलं. मला वाटलं, मीच काही चुकीचं बघतेय. शेवटी मदर पेटवे आल्या, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, आम्ही सगळे तुझ्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करतोय हो." मी म्हटलं, कशासाठी? त्यांनी नुसते डोळे मिटले.

दोन्ही केक जसेच्या तसे घरी आणले. रात्री परसात नेऊन कचऱ्यात टाकले. आईने विचारलंही नाही.

आईची मनगटं हल्ली फार दुखतायत. भांडी कमी पडावीत म्हणून मला कागदी ताटलीत वाढते, पेलाही कागदी. स्वतः मात्र काचेच्या ताटात जेवते. म्हणते, माझी सवय मोडत नाही गं. मी म्हटलं, भांडी मी घासते, तर म्हणाली, राहू दे.

कुणीतरी तोंड उघडलंय, मावशी. मला माहीत असलेली माणसं मोजली. क्लिनिक शंभर मैलांवर. तू हजार मैलांवर, आणि तू माझी. गटातल्या सहा जणींपैकी आपल्या गावची एकच. कियांड्राच्या खुर्चीत बसून अख्खं गाव बोलतं, आणि ती केस विंचरता विंचरता काय काय बोलली असेल? त्या गटात पहिल्यांदा मी पाठ टेकून बसायला शिकले होते. आता तिथेही पाय वळत नाही.

काय करू सांग.

ट्रीस


डेट्रॉइट
९ एप्रिल २०१८

ट्रीस बाळा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. इथे दोन दिवस बर्फ पडतंय, मी घरातच आहे.

घाई करू नकोस. कुणावर आळ घेऊ नकोस, बाळा. त्या पोरीबद्दल तुला नक्की काय माहीत आहे? काही नाही. गाव आहे, बोलतं, विसरतं. ताटल्यांचं म्हणशील तर तुझ्या आईची मनगटं खरंच दुखत असतील, आमच्या आईचीही दुखायची.

गटाला जात राहा. गोळी घेत राहा. बाकी मला नीट सुचत नाहीये. मदर पेटवे अजून काय म्हणाल्या, ते आठवून लिही.

ओडेसामावशी


हॉलिस लँडिंग
२३ एप्रिल २०१८

मावशी,

तुझं पत्र यायच्या आधीच मी करून बसले होते. आता लिहायलाही लाज वाटतेय आणि रागही येतोय, दोन्ही एकदम.

त्या मंगळवारी मी सगळ्यांसमोर कियांड्राला विचारलं, "माझं नाव किती जणींच्या डोक्यात घातलंस? शांपूबरोबर फुकट देतेस का?" ती आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग रडायला लागली. म्हणाली, "मी तुझं सांगेन? माझं दुकान आहे तिथे! तुझं सांगितलं तर माझं लपेल का? मला सहा वर्षांची मुलगी आहे." मी म्हटलं, चोराच्या तोंडी हेच असतं. मिस कोरिन उठून मध्ये उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "लाट्रिस, ह्या खोलीत आपण एकमेकींना सोलत नाही. बस खाली." मी बसले नाही. दार आपटून निघाले.

आता कियांड्राही जात नाही असं कळलं. मिस कोरिनचे चार निरोप आले, उत्तर दिलं नाही.

आणि ऐक. ताटलीचं कळलं. काल शेजारच्या मीनाची मुलं आली होती, आईने त्या सगळ्यांना काचेच्या ताटात वाढलं, मला एकटीला कागदी. मनगटं दुखतायत म्हणे! मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिने नजर वळवून रस्सा वाढला. माझ्या आईने. जिने मला दूध पाजलं तिने.

गोळ्यांची बाटली गाडीच्या खणात आहे. नऊ दिवस झाले, हात लावला नाही. सापडत नाही, सापडत नाही म्हणून नाचले, पण मी तर सगळ्या गावाला सापडले. कुणासाठी घेऊ? पुढच्या गुरुवारची क्लिनिकची तारीखही सोडणार आहे.

तू तरी माझी आहेस म्हणून लिहिते.

ट्रीस


डेट्रॉइट
२८ एप्रिल २०१८

लाट्रिस,

हे पत्र बसून वाच. आणि वाचायच्या आधी गाडीत जाऊन गोळी घे. माझ्यावरचा राग त्या बाटलीवर काढू नकोस.

ती पोर नव्हती. मी होते.

तुझं ते आनंदाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी प्रार्थनेच्या फोनवर होते, नंबर फिरवला की सगळे एकाच लाइनीवर येतात तो. मदर पेटवेंनी विचारलं, कुणाची काही मागणी? माझ्या कानाला त्यांचा एकट्यांचाच आवाज येत होता, बाकी सगळ्यांनी आपापले फोन मुके करून ठेवलेले. मला वाटलं, एवढ्या सकाळी चारपाच म्हाताऱ्या असतील. मी म्हणाले, माझी भाची लाट्रिस, अर्लीनची मुलगी, तिला एचआयव्ही आहे, बरंचसं उतरलंय, राहिलेलं देवाने काढून टाकावं. नाव घेऊन म्हणाले. आजाराचंही नाव घेऊन. तुझं केकचं पत्र आल्यावर मदर पेटवेंना विचारलं, त्या दिवशी किती जण होते? म्हणाल्या, त्रेपन्न. तुझी आईही त्यात होती. मी तिला सांगितलं नाही असं तुला लिहिलं, आणि ती तुझ्या भिंतीपलीकडे बसून फोनवर सगळं ऐकत होती.

तू म्हणशील, 'न बोललेली मागणी' का नाही म्हटलंस? आपल्यात ती सोय आहेच की. हात वर करायचा, 'माझी एक न बोललेली मागणी आहे' म्हणायचं, आणि कुणी काही विचारत नाही, सगळे त्या न बोललेल्यासाठी प्रार्थना करतात. मला ते ठाऊक नाही असं वाटतं तुला? मी ते दोन वर्षं केलंय. तुझ्या ल्यूथरमामासाठी.

तुझ्या आईच्या खोलीत लष्करी टोपीतला त्याचा फोटो आहे, तो. तू नऊ वर्षांची होतीस. न्यूमोनियाने गेला असं सगळ्यांना सांगितलं. तुलाही. त्याला हाच आजार होता, ट्रीस. तेव्हा ही गोळी नव्हती. शेवटचे पाच महिने तो माझ्याकडे होता, ह्याच घरात, मागच्या खोलीत. मी दर बुधवारी चर्चमध्ये हात वर करायची, न बोललेली मागणी, न बोललेली मागणी. तो गेला. तेव्हापासून माझ्या मनात बसलंय की मी त्याचं नाव घेतलं नाही म्हणून देवाला तो सापडला नाही. म्हणून तुझ्या वेळी मी नाव घेतलं. मला वाटलं, ह्या वेळी तरी चुकायचं नाही.

९ तारखेचं पत्र लिहिताना मला सगळं कळलेलं होतं. तरी गप्प बसले. तू मला सोडशील ह्या भीतीने त्या पोरीला बदनाम होऊ दिलं. प्रार्थना ही माझी चूक होती, पण ते गप्प बसणं मी जाणूनबुजून केलं. मिस कोरिनना आणि कियांड्राला मी वेगळं पत्र लिहिलंय, लायब्ररीच्या पत्त्यावर, बंद पाकिटात, कुणाचंही आडनाव न घालता.

मला शिव्या दे. पण गुरुवारी जा.

ओडेसा


डेट्रॉइट
३० जून २०१८

ट्रीस,

हे माझं चौथं पत्र. परत येत नाहीत, म्हणजे तुझ्या पेटीत पडतात एवढं कळतं. तू गुरुवारी गेलीस का, फक्त 'हो' किंवा 'नाही' लिही. दुसरं काही मागत नाही.

मावशी


हॉलिस लँडिंग
१९ ऑगस्ट २०१८

मावशी,

हो.

त्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या. मिस कोरिन स्वतः गाडी घेऊन दारात आल्या आणि भोंगा वाजवत बसल्या, शेजारी बाहेर येईपर्यंत. आईला म्हणाल्या, "तुमच्या मुलीला न्यायला आलेय, आत या म्हणू नका, मला घाई आहे." शंभर मैल जाताना आणि येताना मला एक शब्द बोलल्या नाहीत. आणि उतरताना म्हणाल्या, "मंगळवारी तुझी खुर्ची रिकामी दिसली की मला राग येतो." गोळ्यांच्या खाड्याने विषाणू थोडा वर आला होता, आता पुन्हा सापडत नाही.

कियांड्राच्या दुकानात गेले. शनिवार, गर्दीचा दिवस, पाच बायका बसलेल्या. सगळ्यांसमोर खुर्चीत बसले आणि म्हटलं, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, माझी चूक झाली, माझे केस धू. कशाचा आळ ते बोलले नाही, तिचं तिच्याजवळ. तिने इतकं गरम पाणी ओतलं की मी किंचाळले. तेवढ्यावर मिटलं असं समजू नकोस. ती अजून माझ्याशी जपूनच बोलते. पण गटाला येते.

आता प्रार्थनेचं. जुलैत एका सकाळी सहाला मी तो नंबर फिरवला. मदर पेटवेंनी विचारलं, कुणाची काही मागणी? मी म्हटलं, "मी लाट्रिस, अर्लीनची मुलगी. मार्चमध्ये माझं नाव इथे घेतलं गेलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आज मी स्वतः बोलते. मला एचआयव्ही आहे. मी औषध घेते. मी चांगला स्वयंपाक करते. माझ्या हातचं खाल्ल्याने, माझ्याबरोबर एका ताटात जेवल्याने कुणाला काही होत नाही, हे तुम्हांला डॉक्टरही सांगेल. माझ्यासाठी प्रार्थना करायची तर करा, पण मग माझ्याशी बोला. दोन्ही करायचं नसेल तर माझं नाव सोडा." मग मदर पेटवे म्हणाल्या, "आमेन. पुढची मागणी." एवढंच! मला वाटलं होतं, काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. दोन बायका आता रस्त्यात थांबून बोलतात, बाकीच्या अजून वळसा घालतात.

आई भिंतीपलीकडे फोनवरच होती. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "मला भीती वाटते गं." मी म्हटलं, मलाही वाटते. तिला मी मंगळवारी गटात नेते म्हटलं, अजून हो म्हणाली नाही. मी वेगळी खोली बघतेय, हेही तिला सांगून टाकलंय.

आता तुझं. तुझ्यावर मी फार चिडलेय, मावशी. प्रार्थनेपेक्षा त्या ९ तारखेच्या पत्रामुळे जास्त. आणि त्याहून जास्त ल्यूथरमामामुळे. पाच वर्षं मला वाटत होतं, ह्या घराण्यात हे माझ्याच वाट्याला आलं, मीच पहिली, मीच घराला डाग लावला. पाच वर्षं तुझ्या प्रत्येक पत्रात धीर होता, देव होता, गुडघे होते, आणि त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती. जे सांगायला हवं होतं ते तू गिळून बसलीस आणि जे गिळायचं ते त्रेपन्न जणांना सांगितलंस. हे मी मनातून काढू शकत नाही, आणि काढलंय असं खोटं लिहिणार नाही. ख्रिसमसला येऊ नकोस. आलीस तर मी दार उघडणार नाही.

पण पत्र लिही. क्षमेचं लिहू नकोस, ते माझ्या सवडीने होईल किंवा होणार नाही. ल्यूथरमामाचं लिही. त्याला कळलं तेव्हा तो आधी कुणाला बोलला? तो घाबरायचा का? काय खायला मागायचा, हसायचा का, त्या मागच्या खोलीत त्याच्याजवळ कोण बसायचं? शेवटी त्याचा हात कुणी धरला होता? कुणी धरला नसेल तर तेही लिही. माझ्या रक्ताचं एक माणूस ह्याच्यातून गेलं आणि मी त्याला नुसत्या टोपीवरून ओळखते.

सगळं लिही. काही गाळू नकोस. मी वाट बघतेय.

लाट्रिस